फरशी कोण पुसणार?

कुत्र्याचं पिल्लू दत्तक घ्यायला फोन आला की नर आहे की मादी, हा पहिला प्रश्न असतो. मादी म्हटलं की पलीकडून एक लांबलचक "अच्छाऽऽ" येतं, आणि मग "नर असेल तेव्हा कळवा हं ताई". दुसरा प्रश्न रंगाचा, तिसरा "मोठं झाल्यावर किती होईल?" मला आता याचा राग येत नाही. मादीबद्दलची धास्ती खोटी नसते. ती वर्षातून दोनदा माजावर येणार, गेटपाशी आळीतली कुत्री जमणार, आणि पिल्लं झालीच तर ती कुणाच्या गळ्यात मारायची? सहा महिन्यांच्या आसपास नसबंदीचं ऑपरेशन केलं की हे सगळं मिटतं, एवढं मी सांगते. त्यावर "असं होय, मग ठीक आहे" म्हणणाऱ्याशी बोलणं पुढे जातं.

मी पुण्यात सिंहगड रोडला राहते. दिवसा एका सीएच्या ऑफिसात नोकरी आणि उरलेल्या वेळात रस्त्यावरच्या कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या आमच्या छोट्याशा ग्रुपचं काम. कुत्री उचलून आणणारे वेगळे, ती तात्पुरती घरी सांभाळणारे म्हणजे फॉस्टर वेगळे. माझ्याकडे घरं बघण्याचं काम आलं, कारण मला नाही म्हणायला जड जात नाही, असं बाकीच्यांचं मत आहे.

आमचा हंगाम पंचांगावर चालतो. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना. त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी पिल्लं. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात बांधकामाच्या साइटवर, टपऱ्यांच्या मागे, उभ्या गाड्यांखाली जिकडेतिकडे वेत. यंदा धायरीच्या एका साइटवरून पाच पिल्लं आली. आई डंपरखाली गेलेली. दोन नर, तीन माद्या. त्यातली एक मादी पार्व्होने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या एका जीवघेण्या विषाणूच्या आजाराने गेली. उरलेली चार फॉस्टरकडे जगली-वाढली, आठव्या आठवड्यात पहिली लस झाली आणि मग फोटो आणि माझा नंबर सगळीकडे फिरला.

फोनवर मी "तुम्हाला कुत्री आवडतात का" असं विचारत नाही. ज्याला आवडत नाहीत तो फोन कशाला करेल? मी म्हणते, "काल तुमच्या घरी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय झालं, सांगा बरं." माणूस आधी चक्रावतो, मग सांगायला लागतो. साडेसातला मुलाची व्हॅन, साडेआठला मी निघतो, नऊला मिसेस, कामाच्या मावशी दहाला येऊन अकराला जातात, आई दुपारी झोपतात. मी समोरच्या कागदावर तास मांडत जाते. दोन महिन्यांचं पिल्लू लघवी धरून धरून किती धरणार, दोन-तीन तास. दिवसातून आठ-दहा वेळा ते कुठेतरी करणार, आणि पहिले काही आठवडे ते कुठेतरी म्हणजे घरातच. लसींचे सगळे डोस होईपर्यंत त्याला खाली रस्त्यावर उतरवायचं नाही, तळजाईच्या टेकडीवर तर नाहीच नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो. तेव्हा प्रश्न उरतो फरशीचा. कोण पुसणार? "आम्ही सगळे मिळून करू" असं उत्तर आलं की समजायचं, अजून कुणाचंच काही ठरलेलं नाही.

फोन करणारा माणूस उत्साहातच असतो. कुत्र्याचे पुढचे दिवस मात्र बहुतेक घरांत फोन न केलेल्या माणसाच्या हाती असतात, म्हणून मी त्याला शोधते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हे फारच सोपं जातं. पुण्यात दर जुलै-ऑगस्टमध्ये नवे विद्यार्थी येतात, चौघांत एक फ्लॅट घेतात आणि महिन्याभरात त्यांना कुत्रं हवंसं वाटतं. मी त्यांना झिडकारत नाही, आईचा नंबर मागते. लातूरला नाहीतर नांदेडला फोन लावून विचारते, "काकू, मुलाचं शिक्षण संपल्यावर कुत्रं तुमच्याकडे येईल, चालेल ना?" "कसलं कुत्रं?" या दोन शब्दांत बहुतेक मुलाखती संपतात. एकदा मात्र एका काकूंनी शांतपणे विचारलं होतं, "शेळ्यांना त्रास नाही ना देणार?" त्या मुलाला मी पिल्लू दिलं होतं. आता ते उदगीरकडे असतं.

"आधी कुत्रा होता का? त्याचं काय झालं?" हाही प्रश्न मी विचारतेच. किडनी गेली, शेवटी सलाइनवर होता, डॉक्टर घरी येऊन जायचे, असं सांगताना बिलाचे आकडे आणि औषधांची नावं आपोआप येतात, कारण ज्याने केलंय त्याला ती पाठ असतात. "गावी नेऊन सोडला, तिकडे मोकळं असतं" हे उत्तर लोक इतक्या सहज देतात की त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतच नाही. रस्त्यावरचं कुत्रं नसबंदीनंतर जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात, आणि ते उगाच नाही. कुत्र्याला हद्द असते. ओळखीची टपरी, ओळखीचे भिडू, पळायच्या वाटा. घरात वाढलेल्या कुत्र्याला कात्रज घाटात उतरवलं तर त्याला यातलं काहीच मिळत नाही, उलट तिथली कुत्री त्याला फाडून काढतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मी घरमालकाचं पत्र मागते. त्यावर वाद होतात. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना मला तोंडपाठ ऐकवल्या जातात: सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही. सगळं बरोबर. पण करार अकरा महिन्यांचा असतो आणि कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. कायदा बाजूने असूनही चेअरमनशी रोज लिफ्टमध्ये हुज्जत घालणारा माणूस कधीतरी थकतो, आणि थकला की सोपा उपाय शोधतो. म्हणून घरमालक "हो" म्हणालाय का, एवढं मला लेखी हवं असतं. सोसायटीची परवानगी मी मागत नाही, कारण ती मागितली की आपण होऊन त्यांच्या हातात नसलेला अधिकार दिल्यासारखं होतं.

बावधनचं एक जोडपं कागदावर उत्तम होतं. स्वतःचा फ्लॅट, दोघांचे पगार चांगले, तिचं लहानपण लॅब्रॅडॉरबरोबर गेलेलं. मी अकराव्या मजल्यावर गेले तर बाल्कनीला जाळी होती, पण कबुतरांची, नायलॉनची. दात येणारं पिल्लू ती एका दुपारी कुरतडून मोकळं होईल. रेलिंगच्या दोन गजांमध्ये मी माझी पाण्याची बाटली आडवी घातली, ती सहज पलीकडे गेली. हे सुधारता येण्यासारखं होतं. आतून गजांना खालच्या अंगाला तारेची जाळी मारून घ्या म्हटलं, ते लगेच तयार झाले. अडलं ते वेळेवर. दोघंही आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीच्या ऑफिसात, जाऊन-येऊन दहा-अकरा तास. "कॅमेरा आहे ना घरात, मोबाइलवर बघत राहू," तो म्हणाला. मी विचारलं, "कॅमेऱ्यातून शू पुसता येते का?" हे जरा तिरकस झालं, पण दहा तास एकट्या पडलेल्या दोन महिन्यांच्या जिवाचं काय होतं ते मला माहीत आहे: ते आधी रडतं, मग सोफा खातं, मग शेजारी तक्रार करतात. दिवसा सांभाळायला माणूस ठेवा म्हटलं तर "बघू" म्हणाले. मी नाही म्हणून सांगितलं. बाईंचा मेसेज आला की यापेक्षा अनाथाश्रमातून मूल घेणं सोपं असेल. महिन्याभरात त्यांनी हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातला केसाळ कुत्रा, विकत आणला. एप्रिलच्या पुण्यात हस्की!

त्यांच्या रागात तथ्य नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या क्षेत्रात काही लोक पोलिसी खाक्याने प्रश्न विचारतात, पगाराची स्लिप मागतात, एकट्या राहणाऱ्या मुलींना उगाच खोदून खोदून विचारतात. शिवाय प्रत्येक नकाराची किंमत पिल्लू मोजतं. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी फोन थांबत नाहीत. चौथ्या महिन्यात पाय लांब होतात, कान एक उभा एक पडका होतो, आणि फोन बंद. तेव्हा ताणायचं कुठवर? मी माझ्यापुरतं ठरवलंय की जाळी, पत्र, डॉक्टर, खर्च या गोष्टी जमवता येतात, त्यासाठी थांबायचं. घरात माणूसच नसेल तर तो कुठून आणणार? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सगळेच घरी होते आणि सगळ्यांनीच कुत्री नेली. ऑफिसं पुन्हा सुरू झाली तेव्हा परत आलेली कुत्री ठेवायला आमच्याकडे बाथरूमसुद्धा मोकळी नव्हती.

फार्महाउसवाल्यांचे फोन वेगळेच. "जागा भरपूर आहे मॅडम, दोन एकर." मालक शनिवार-रविवार येणार, एरवी गडी दोन वेळा भाकरी टाकणार आणि कुत्रं साखळीला. जुन्नर-शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात तर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. आमच्या ग्रुपचा नियमच आहे, शेतावर द्यायचं नाही. तरी यंदाचा एक नर मी सासवडच्या बाजूला एका अंजिराच्या बागेत दिला, भांडून दिला. ते कुटुंब बागेतच राहतं. मी काही विचारायच्या आधी तिथले आजोबा म्हणाले, "रातच्याला पडवीत घेतो, कडी लावून. आन् मोठा झाला की खिळ्यांचा पट्टा." हा पट्टा धनगरांची कुत्री घालतात, लांडग्याने नाहीतर बिबट्याने नरडं धरू नये म्हणून. ज्याला बिबट्या कुठून येतो हे ठाऊक आहे त्याच्याकडे कुत्रं जास्त सुरक्षित, असं माझं म्हणणं. ग्रुपमधल्या दोघी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दुसरा नर आणि तपकिरी मादी सरळ चांगल्या घरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वारज्याचं घर मात्र सांगायला हवं. फोन मुलाने केला होता. मी गेले तेव्हा हॉलमध्ये तो, त्याची बायको, आठ वर्षांची मुलगी आणि रिटायर्ड वडील असे चौघं ओळीने बसलेले. मुलीने पिल्लाचं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं. प्रश्नांची उत्तरं धडाधड आली. वडील म्हणाले, "मी दिवसभर घरीच असतो, काळजीच नको." एवढ्यात आतून आजी पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या, ठेवून आत गेल्या. बशी घेऊन मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी स्टूल होतं. त्या त्यावर बसून कांदा चिरत होत्या, उजवा गुडघा सरळ ताणून. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?"

"मला कुणी विचारलं नाही अजून."

"मी विचारतेय."

त्यांनी विळी बाजूला केली. "हे घरी असतात ते पेपर वाचायला. सून बिचारी साडेआठला जाते. मावशी एकदाच फरशी पुसतात. मग दिवसभर ते करणार कोण? मला खाली वाकता येत नाही. आणि देवघराला दार नाही आमच्या." मग जरा थांबून, "कुत्र्याचा राग नाही हो मला. माहेरी होतं आमच्या."

बाहेर येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. सून खाली बघायला लागली, वडील छताकडे. मुलगा म्हणाला, "आई, बोलायचंस ना." आतून उत्तर आलं, "तू विचारायचंस ना."

त्या घराला मी पिल्लू दिलं नाही, पण दारही लावलं नाही. आमच्याकडे बुंदी होती, तीन वर्षांची, कोणीतरी घेऊन मग ऑफिसचं कारण सांगून परत केलेली. नसबंदी झालेली, लसी झालेल्या, घरात कधीही न करणारी. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. पिल्लाचा सहा महिन्यांनी कळतो. वारज्याच्या घराला पिल्लू नकोच होतं, त्यांना बुंदी हवी होती, फक्त फोटोत ती तेवढी गोंडस दिसत नव्हती. मी तिला घेऊन गेले. आजींनी पहिलाच प्रश्न केला, "ही खाली जाऊनच करते ना?" दुसरा, "किती वेळा?" तीन वेळा म्हटल्यावर त्यांनी हॉलकडे बघून वाटणी केली: सकाळी हे, संध्याकाळी नात आणि हे, रात्री मुलगा. देवघरापुढे सागवानी फळी आली. हल्ली बुंदीच्या तक्रारी मला त्यांच्याकडूनच येतात. ताजी तक्रार अशी की पोळीला तूप लावल्याशिवाय ती खात नाही. हे कुणी शिकवलं, ते त्या सांगत नाहीत.

राहिली काळी मादी. काळ्या कुत्र्यांचं एक विचित्र आहे: एरवी त्यांना कुणी विचारत नाही, फोटोत डोळे दिसत नाहीत म्हणतात, आणि मधूनच कुणी ज्योतिषाने सांगितलं म्हणून हटकून काळंच मागतं. एका गृहस्थांना अंगावर एकही पांढरा केस नसलेलं पिल्लू हवं होतं, शनीसाठी. मी विचारलं, "साडेसाती संपल्यावर काय करणार?" कुत्रं त्यानंतरही पाच-सहा वर्षं जगायचं असतं. त्यांना हे लक्षात आलं नव्हतं. तीन महिने उलटले, काळी फॉस्टरकडेच.

मग नव्या पेठेतून एका बाईंचा फोन आला. निवृत्त नर्स, वय ६२, एकट्या. नर की मादी विचारलं नाही, "डीवॉर्मिंग कधी झालं, पुढचा बूस्टर कधी?" असं सुरू केलं. घर तळमजल्यावर, मागे फरसबंदी अंगण, फाटकाची खालची फट त्यांनी माझ्या येण्याआधीच विटा लावून बुजवलेली. महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस झालेली असावी लागते हेही त्यांना माहीत होतं. आमच्या ग्रुपमध्ये मात्र चर्चा झाली: तेरा वर्षांनी त्या ७५ च्या असतील. मुद्दा बरोबरच होता. एकट्या घरात फोन न केलेला माणूस कुठून आणायचा?

मी त्यांनाच विचारलं, "तुम्ही आजारी पडलात तर?" त्यांनी न चिडता भाच्याचा नंबर दिला. तो कर्वेनगरला राहतो. "मावशीने सांगितलंय मला," तो म्हणाला, "घराची चावी माझ्याकडे असते. डॉक्टर कोणता, ते फक्त लिहून पाठवा."

आमचं करारपत्र एका पानाचं आहे. आधार कार्डाची प्रत, नसबंदी करून घेण्याची हमी, साखळीला बांधून ठेवणार नाही, आणि सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत. त्याची कायदेशीर ताकद किती हे मी जाणून आहे. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे खरा, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. रिक्षाचं मीटर त्याच्या पुढे जातं. दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं, पण मध्यरात्री कोण कुठे काय सोडतं हे बघायला कोण जातंय? म्हणून मी देतानाच सांगते: कंटाळलात, भांडण झालं, बदली झाली, काहीही झालं तरी रात्री दोनला फोन करा, मी कारण विचारणार नाही. आणि पिल्लू मी स्वतः घरी नेऊन सोडते, कुणाला माझ्या दारातून नेऊ देत नाही. सामान न्यायला आलेला माणूस आणि घरी वाट बघत बसलेली माणसं यांत मला फरक दिसतो.

करारावर यंदापासून मी एक ओळ वाढवली आहे, दुसऱ्या सहीची. घरातल्या ज्या माणसाने फोन केला नाही त्याची. नव्या पेठेत ती सही करायला भाचा आला, पार्किंग मिळालं नाही म्हणून वैतागलेला. काळीने त्याच्या बुटाची लेस धरली. त्याने करार शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी बोट ठेवून शंका विचारल्या, आणि पेन हातात घेऊन म्हणाला, "एकच सांगा, हिला गाडीत उलटी होते का? माझी गाडी नवीन आहे."

होते, म्हटलं. धायरीहून येताना दोनदा झाली.

"बरं," म्हणाला, आणि सही केली.